रिकामा खुंटा : घर बदलणं आणि घरातलं जनावर गमावणं



मागच्या व्याख्यानात आपण मराठवाड्याच्या मोठ्या तारखांबद्दल बोललो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. व्याख्यान संपल्यावर एक आजीबाई आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं खरं हाय. पण आमचा बैल गेला तेव्हा दोन दिवस घरात चूल पेटली नव्हती. ते कोणत्या पुस्तकात लिवलंय?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहासाची पुस्तकं वाचली, आणि या साध्या प्रश्नापुढं गप्प बसावं लागलं. म्हणून आजचा विषय त्या आजींचा आहे असं समजा. माणसं घर बदलतात तेव्हा घरातल्या जनावराचं काय होतं? आणि ते जनावर गेलं, तर त्याच्या जाण्याची नोंद कुठं राहते? हा प्रश्न लहान वाटतो. पण आपल्या मराठवाड्यात एका पहाटे बावन्न गावांना घर बदलावं लागलं. त्यामुळं आपल्याकडं हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

जुनं घर

आधी जुनं घर डोळ्यांपुढं आणू. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. तरुण मित्रांनी कदाचित पाहिलं नसेल. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांच्यावर दीड-दोन फुटांपर्यंत मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, चोपून बसवायची. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा. घराचं माप चौरस फुटांत कुणी सांगत नसे, खणांत सांगत. पाच खणांचं घर, सात खणांचं घर.

आता बघा, त्या घरात शिरताना काय लागायचं? मोठा दरवाजा, मग ढाळज, मग चौक, आणि चौकाच्या एका अंगाला गोठा. म्हणजे माणूस आणि बैल एकाच दरवाजातून आत यायचे. रात्री अंथरुणावर पडलं की रवंथ केल्याचा आवाज यायचा. गाय व्यायला झाली की घरातली म्हातारी कंदील घेऊन तिच्याजवळ बसायची, तशी ती सुनेजवळही बसलेली असायची. सोयरीक जुळवताना "माणसं किती?" आणि "दावणीला काय हाय?" हे दोन प्रश्न एका दमात विचारले जायचे.

आणि दावणीला साधंसुधं काही नव्हतं. आपल्या दोन जिल्ह्यांनी देशाला गोवंशाच्या दोन जाती दिल्या आहेत. कंधारच्या नावानं ओळखली जाणारी लाल कंधारी, आणि देवणीच्या नावानं ओळखली जाणारी देवणी. देवणीत पुन्हा प्रकार आहेत. तोंडाला काळा रंग असलेली वानेरा, पांढरीशुभ्र ती बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा. ज्या समाजाच्या भाषेत जनावराच्या रंगाला इतके शब्द असतात, त्या समाजानं त्या जनावराकडं किती वेळ बघितलं असेल, याचा विचार करा.

कुत्र्याची जागा वेगळी होती. तो उंबऱ्याबाहेरचा. त्याला भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेर मिळायचा, त्याचं नाव मोती नाहीतर वाघ्या. पण तो घराचाच. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, हे आपल्याकडच्या लेकराला अक्षरओळख होण्याआधी माहीत असतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, उंट, गाढवं, बैल, कुत्री सगळ्यांचा बाजार असतो. देवाचं दर्शन आणि जनावराची खरेदी, दोन्ही एकाच वारीत. आणि नांदेड शहरात, हजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात आजही घोडे सांभाळले जातात. गुरू गोविंदसिंगजींचा देह १७०८ मध्ये इथं ठेवला गेला. हे घोडे गुरूंच्या घोड्याच्या वंशातले, असं परंपरा सांगते. घरधनी गेल्यावर तीनशे वर्षांनंतरही त्याच्या घोड्याची ओळख पुसू द्यायची नाही, ही गोष्ट आपल्याच शहरात घडते आहे.

आपल्या संतांच्या कथा आठवा. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. नाथांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. नर्सी असो, पैठण असो, गोदावरीच्या खोऱ्यातल्याच या कथा. त्या जशाच्या तशा घडल्या का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. समाज शेकडो वर्षं कोणत्या कथा जपून ठेवतो, हाही इतिहासाचा पुरावाच असतो.

पण इथं थांबलो तर आम्ही तुम्हाला अर्धंच चित्र दाखवलं असं होईल. त्या जुन्या घराला आम्ही फार गोड करू इच्छित नाही. त्याच बैलाला पराणी टोचली जायची. म्हातारा झाला की तो बाजारात जायचा, आणि तो पुढं कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्यांच्याकडं जमीन नव्हती, त्यांच्याकडं दावणही नव्हती. ते दुसऱ्याची गुरं राखायचे. आणि जनावर मेल्यावर? रडायचं घरधन्यानं, ओढून न्यायचं महारवाड्यातल्या माणसानं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मेलेली गुरं ओढण्याचं काम सोडा असं सांगितलं, तेव्हा गावोगावी त्यावरून बहिष्कार झाले. म्हणजे जनावराचं दुःख करणं हाही एक हक्क होता, आणि तो हक्क सगळ्यांना सारखा नव्हता. आजीबाईंच्या घरी चूल पेटली नाही हे खरं. त्याच बैलाला ज्यानं वाहून नेलं, त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं, हेही कोणत्या पुस्तकात नाही.

३० सप्टेंबर १९९३

आता त्या पहाटेकडं येऊ. अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आजूबाजूची गावं, तिकडं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि त्याचा परिसर. भूकंपाचं परिमाण सहाच्या थोडं वर होतं. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हे फार नाही. पण तो उथळ होता, झोपेच्या वेळी आला, आणि आपली घरं माळवदाची होती. जी माती उन्हाळ्यात गारवा द्यायची, तीच छातीवर आली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात.

जनावरं किती गेली? पंधरा हजारांहून अधिक. हा आकडा फारसा कुणाच्या लक्षात नाही. त्यात आश्चर्य नाही, माणसांच्या प्रेतांचा ढीग पडलेला असताना बैल कोण मोजणार? ते योग्यच होतं. पण कारण बघा. इतकी जनावरं मेली, कारण ती घरात होती. एकाच दरवाजातून आत जाणारे एकाच मातीखाली गेले. आणि उलटही झालं. त्या रात्री जे शेतात गुरांजवळ जागलीला झोपले होते, त्यांच्यातले कितीतरी त्यामुळंच वाचले, हे त्या भागात आजही ऐकायला मिळतं.

आदल्या वर्षी, १९९२ मध्येही किल्लारीला धक्के बसले होते. काही दिवस लोक घाबरले, बाहेर झोपले, मग पुन्हा आत गेले. आम्हाला लोक विचारतात, का गेले? अहो, घर सोडून माणूस जाईल तरी कुठं? आणि दावणीची चार जनावरं घेऊन कुठं जाईल? घर सोडणं म्हणजे एक पेटी उचलून निघणं नव्हतं.

नवं गाव

मग पुनर्वसन झालं. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायचं ठरलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. भूकंपाला टिकतील अशी घरं उभी राहिली. या कामाला आम्ही नावं ठेवणार नाही. आठ हजार माणसं गेलेल्या मुलखात पुढच्या पिढीच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं, ही लहान गोष्ट नव्हे. आणि लोकांनाही पक्कंच हवं होतं. दगड-मातीचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा.

पण घराचं माप कसं ठरलं ते बघा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०. त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. खण गेले, चौरस फूट आले. आणि ज्या घरात चौक, ढाळज, गोठा, बळद होतं, त्या घराच्या जागी दोन-तीन खोल्या आल्या. सरळ रस्ते, रांगेत घरं, शहरातल्या कॉलनीसारखी. अनेक गावांत या आराखड्यात गोठ्याचा विचारच नव्हता. मग लोकांनी काय केलं? घरापुढं पत्र्याचं शेड मारलं, कुणी जनावरं शेतात नेऊन बांधली, कुणी विकून टाकली.

आपल्या भाषेत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. शेकडो वर्षं माणसं-जनावरं राहून, राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून पांढरी तयार होते. "अमक्या पांढरीतला माणूस" असं आपण म्हणतो. नवी गावं संपादित केलेल्या शेतजमिनीवर वसली. म्हणजे घरं काळीवर उभी राहिली. घर चार वर्षांत बांधता येतं, पांढरी व्हायला पिढ्या लागतात. आणि पांढरी नुसत्या माणसांनी होत नाही, तिच्यात जनावरांचाही वाटा असतो.

आमचं घर

आता थोडं घरचं सांगणं भाग आहे. कारण या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार, असलाच तर, इथून आलेला आहे.

तेव्हा आम्ही जुन्या नांदेडात, नदीकडच्या भागात एका माळवदाच्या घरात राहायचो. किल्लारीची बातमी आल्यावर आमच्या घरात कुणाला झोप लागेना. नांदेडला घर पडलं नव्हतं, पण वर पाहिलं की माती दिसायची. लेकरं लहान होती. शेवटी १९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वस्तीत, स्लॅबचं घर घेतलं. मराठवाड्यात त्या दोन-चार वर्षांत अशी घरं सोडणारी कुटुंबं शेकड्यांनी होती. भूकंपानं न पडलेली घरंही अशी रिकामी झाली.

आमच्याकडं मोती होता. गावठी कुत्रा, पिवळसर, एक कान पडलेला. नऊ-दहा वर्षांचा असेल. ढाळजेत बसायचा. वास्तुशांतीच्या दिवशी भटजींनी सांगितलं, आधी सवत्स धेनू आत गेली पाहिजे. नव्या वस्तीत गाय कुठली? एका गवळ्याला पैसे देऊन त्याची गाय-वासरू पाच मिनिटांपुरती आणली. गाईला फरशीवर उभं राहता येईना, तिचे खूर घसरत होते. तिला ओवाळलं, पेढा दिला, आणि मागच्या पावली बाहेर काढलं. त्या सगळ्या गडबडीत मोती जुन्या घरीच बांधलेला होता. पाहुण्यांच्या पायात येईल म्हणून.

दोन दिवसांनी त्याला नव्या घरी आणलं. फाटकाला साखळीनं बांधलं. त्यानं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी साखळी सोडली तसा तो गेला. संध्याकाळी कळलं की चार-पाच किलोमीटर चालत, गाड्याघोड्यांतून, तो जुन्या घराच्या बंद दरवाजासमोर जाऊन बसलाय. आम्ही सायकलवरून जाऊन त्याला आणलं. तो पुन्हा गेला. पुन्हा आणलं. आमची आई म्हणाली, "अरे, त्याला कुणी सांगितलं का घर बदललंय म्हणून? त्याच्या लेखी तुम्हीच हरवलेत. तो तिथं बसून तुमची वाट बघतोय."

चौथ्या वेळी आम्ही गेलो नाही. खरं तेच सांगतो आहोत. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, नळाचं काम निघालं होतं, उद्या जाऊ म्हटलं. पाच-सहा दिवसांनी गेलो तर ढाळजेपुढं मोती नव्हता. शेजारच्यांनी सांगितलं, दोन दिवसांपूर्वीपर्यंत होता. आम्ही नदीपर्यंत शोधलं. नाही सापडला.

मुलगी सातेक वर्षांची होती. तिनं विचारलं, "मोती मेला का?" आम्ही म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग रडायचं का नाही?" तत्त्वज्ञानाचा पीएच.डी. झालेल्या माणसांनी यावर काय सांगायचं?

अभाव आणि जागा

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला बऱ्याच वर्षांनी, वर्गात न्याय-वैशेषिक दर्शन शिकवताना थोडंसं मिळालं. आपल्याकडच्या नैयायिकांनी एक विलक्षण गोष्ट मांडली. अभाव, म्हणजे एखादी गोष्ट नसणं, हाही एक पदार्थ आहे. त्याचंही ज्ञान होतं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. ज्याचा अभाव आहे तो घडा माहीत असावा लागतो, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. आणि जिथं अभाव आहे ती जमीन समोर असावी लागते, तिला अधिकरण म्हणतात. नुसतं 'नाही' असं काही नसतं. अमुक गोष्ट तमुक जागी नाही, असंच असतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर, नसणं दिसायलाही जागा लागते.

जुन्या घरात बैल मेला तर खुंटा रिकामा राहायचा. गव्हाण तशीच असायची. सकाळी उठून कडबा टाकायला गेलेला माणूस हातातली पेंढी घेऊन तिथंच थबकायचा. दुःखाला बसायला जागा होती. हळूहळू त्या खुंट्याला दुसरं जनावर यायचं आणि दुःख निवळायचं. ही एक रीतच होती, कुणी लिहून न ठेवलेली.

आता घर बदलताना काय होतं, ते बघा. जनावर जातं आणि त्याच वेळी त्याची जागाही जाते. नव्या घरात खुंटा नाही, गव्हाण नाही, ढाळज नाही. मोती नव्या घरात नव्हता, पण तो तिथं कधी होताच कुठं? त्याचं नसणं त्या घरात दिसतच नव्हतं. ते दिसत होतं जुन्या घराच्या ढाळजेत, आणि तिथं आम्ही जात नव्हतो. आमची मुलगी विचारत होती त्याचा अर्थ हा होता. रडायचं तर कुठं बसून रडायचं?

किल्लारीच्या नव्या गावांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं, असं आम्हाला वाटतं. माणसांसाठी स्मारकं झाली, दर ३० सप्टेंबरला श्रद्धांजली होते, आणि व्हायलाच हवी. पण ज्या घरात ते माणूस आणि ते जनावर एकत्र होतं, तो चौकच मातीखाली गेला. जुन्या गावठाणाच्या पडक्या जागी माणसं मुद्दाम जाऊन का उभी राहतात, हे नैयायिकांकडून आम्हाला कळलं. ती तिथं अभाव बघायला जातात. नव्या घरात तो दिसत नाही.

आणि मोतीही तेच करत होता, नाही का? तो आमचा अभाव बघत बसला होता. फरक इतकाच, की त्याला जागा बदलायचं कारण कुणी समजावलेलं नव्हतं.

रकाना

आता तुम्ही म्हणाल, सर, हे घरगुती झालं. इतिहास कुठं आहे? तो इथं आहे. इतिहास कागदावर राहतो, आणि कागदात रकाने असतात. ज्याला रकाना नाही, ते पुढच्या पिढीला सापडत नाही.

आपत्तीनंतर पंचनामा होतो. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेले मदतीचे निकष बघा. दुधाळ गाय किंवा म्हैस मेली तर ३७,५०० रुपये. ओढकामाचा बैल किंवा घोडा मेला तर ३२,००० रुपये. गाढव किंवा वासरू, २०,०००. शेळी-मेंढी, ४,०००. कोंबडी, १०० रुपये. कुत्रा? मांजर? रकानाच नाही. आम्ही हे तक्रार म्हणून सांगत नाही. सरकारनं दुःखाची भरपाई करावी असं कुणी म्हणत नाही, ते उपजीविकेची भरपाई करतं, आणि सार्वजनिक पैशाचा हिशोब असाच ठेवावा लागतो. पण पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक हे पंचनामे वाचेल, तेव्हा त्याला वाटेल की मराठवाड्याच्या घरात फक्त दूध देणारी, ओझं ओढणारी आणि अंडी घालणारी जनावरं होती. त्याला मोती सापडणार नाही. आजीबाईंचा बैल सापडेल, पण चूल न पेटल्याचं सापडणार नाही.

ही जुनी गोष्ट नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात, लेंडी धरणाच्या पट्ट्यातल्या रावणगाव, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. लेंडी हा महाराष्ट्र आणि तेलंगण यांचा आंतरराज्य प्रकल्प, अनेक दशकं रखडलेला. गावं उठायची होती, पुनर्वसनाचा वाद चालूच होता. माणसं गेली, दावणीला बांधलेली जनावरं गेली. दाव्याला बांधलेल्या म्हशीला पोहता येतं, पण दावं सुटत नाही. किल्लारीत एका रात्रीत घर बदलावं लागलं. इथं घर बदलायचं वर्षानुवर्षं ठरतच राहिलं, आणि शेवटी पाण्यानं बदलायला लावलं. दोन्हीकडं घर आणि जनावर एकाच रात्री गेलं.

आणि मधल्या काळात आपण स्वतःहूनही घरं बदलली. दुष्काळानं बदलायला लावली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांना टँकरसमोर रांगा, मग गुरांना कोण पाजणार? कुणी छावणीत नेली, कुणी बाजारात विकली. शिक्षणानंही बदलायला लावली. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे. पण लातुरातल्या, नांदेडातल्या क्लासच्या परिसरात फिरून बघा. एका खोलीत आई आणि दोन लेकरं, गावी बाप आणि म्हातारी. मूल दहावी-बारावीला आलं की आई त्याच्यासोबत शहरात येते. गावाकडची गाय मग कोण काढणार? ती विकली जाते, सहसा मूल शाळेत असताना. मूल सुट्टीत घरी येतं तेव्हा खुंटाही उपटलेला असतो, कारण तिथं मोटरसायकल लावायला जागा केलेली असते.

शहरातल्या इमारतींत उलटा प्रश्न आहे. तिथं कुत्रा पाळायला परवानगी आहे का यावर सभा होतात, भांडणं होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच सांगितलं आहे की गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी भाड्याचं घर बघायला गेलं की पहिली अट तीच असते. मग कुणी तरी आपला कुत्रा "गावाकडं सोडला" म्हणतं. सोडला हा शब्द आपण किती सहज वापरतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो हरवलेला असतो.

शेवटी

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात घर बदलण्याचीच एक गोष्ट आहे. युधिष्ठिर राज्य सोडून निघतो. वाटेत द्रौपदी पडते, भाऊ पडतात. शेवटी सोबत एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, स्वर्गात चल म्हणतो, पण कुत्र्याला जागा नाही म्हणतो. युधिष्ठिर कुत्र्याशिवाय रथात बसायला नकार देतो. पुढं तो कुत्रा म्हणजे धर्म होता वगैरे आपल्याला माहीत आहे. त्या उलगड्याकडं आम्ही वर्गात फार लक्ष देत नसू. युधिष्ठिराला तो उलगडा माहीत नव्हता, हे महत्त्वाचं. त्याच्यासमोर एक साधा कुत्रा होता, आणि नवं घर त्या कुत्र्याला आत घेत नव्हतं. सगळं गमावलेल्या माणसानं तेवढ्या एका गोष्टीवर अडून बसायचं ठरवलं.

आम्ही अडून बसलो नाही. आम्हाला पेपर तपासायचे होते. स्लॅबचं घर घेतलं ते चूक नव्हतं, लेकरांच्या जिवाचा प्रश्न होता, आणि आजही आम्ही तेच करू. किल्लारीच्या माणसांनी माळवद सोडलं तेही चूक नव्हतं. चूक एवढीच झाली, की घर बदलताना घरात कोण कोण आहे याची यादी आम्ही नीट केली नाही. भांडी मोजली, पेट्या मोजल्या, पुस्तकांचे गठ्ठे मोजले. मोतीला मोजलं नाही, कारण तो सामान नव्हता. माणसांतही धरलं नाही, कारण तो माणूस नव्हता.

म्हणून एक विनंती करून थांबतो आहोत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबा आहेत. त्यांना नुसतं "तुमच्या काळात कसं होतं" असं विचारू नका. विचारा, तुमचं जुनं घर किती खणांचं होतं, दावणीला कोण होतं, त्यांची नावं काय, ती कशी गेली, आणि गेल्यावर त्यांना कुणी उचलून नेलं. लिहून ठेवा. तारीख आठवत नसेल तर कोणता दुष्काळ, कोणता पोळा, कोणती यात्रा एवढं लिहा. किल्लारीच्या वेळी जी जाणती होती ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. पंचनाम्यात जे नाही ते फक्त त्यांच्याकडं आहे.

आणि आमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही खूप उशिरा दिलं. ती आता स्वतः आई आहे. मागच्या दिवाळीत तिला घेऊन आम्ही जुन्या घराच्या जागी गेलो. माळवद राहिलेलं नाही, तिथं तीन मजली इमारत आहे आणि खाली दुकानं आहेत. पण दरवाजा कुठं होता ते आम्हाला पायऱ्यांवरून ओळखता आलं. तिनं विचारलं, "मोती कुठं बसायचा?" आम्ही जागा दाखवली. आम्ही दोघं तिथं थोडा वेळ उभे राहिलो. दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे?" आम्ही म्हटलं, "काही नाही."

इथं थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.